रात्रीतून गायब होणारी डिस्क: घरच्या स्वस्त बॅकअप सर्व्हरचं नेहमीचं दुखणं

तक्रार ठरलेली असते. दिवसभर सगळं नीट चालू, फोल्डर उघडतंय, फाइल जातेय. रात्रीचा बॅकअप मात्र अर्धाच. सकाळी बघावं तर शेअर केलेलं फोल्डर रिकामं, नाहीतर ‘नेटवर्क पाथ सापडत नाही’. मशीन बंद करून चालू केलं की सगळं परत जागेवर. मग काही दिवस शांतता, आणि पुन्हा तेच. अस्सल सोलापुरी निरोप येतो तो असा: ‘डबडं परत झोपलंय की बे!’

यावर बहुतेक जण आधी नवी डिस्क घेऊन येतात. ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. डिस्क खराब असते तेव्हा ती सहसा खराबच राहते. रीस्टार्ट केल्यावर चार-पाच दिवस शहाण्यासारखी वागत नाही. येऊन-जाऊन होणारा बिघाड असेल तर आधी वीज, मग वायर, मग माउंट (डिस्क एखाद्या फोल्डरला जोडण्याची लिनक्सची पद्धत), आणि त्यानंतर डिस्क, या क्रमाने बघायचं. सोलापुरात तर वीज पहिलीच.

इथे बोलतोय ते दोन प्रकारच्या सेटअपबद्दल. एक, रास्पबेरी पाय ४ किंवा ५ (छोटा, एकाच बोर्डाचा कॉम्प्युटर, पुढे नुसता ‘पाय’) आणि त्याला यूएसबीने लावलेली डिस्क. दोन, ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, आत दोन साटा डिस्क (थेट मदरबोर्डला वायरने लागणाऱ्या). दोन्हीवर ओपनमीडियाव्हॉल्ट (अशा सर्व्हरसाठीच बनवलेलं लिनक्स) किंवा साधं डेबियन लिनक्स आणि साम्बा (विंडोजला फोल्डर शेअर करून देणारा प्रोग्राम). विकत घेताना जुना डेस्कटॉप स्वस्त पडतो, पण नुसता चालू राहिला तरी साधारण ५० वॉट खातो, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. पाय आणि एक डिस्क मिळून १० वॉट धरले तर ७ युनिटच्या आसपास. दोन-तीन वर्षांचा हिशेब मांडला की ‘स्वस्त’ कुठलं ते बदलू शकतं. पण ज्याच्याकडे आधीच पडून असलेला डेस्कटॉप आहे त्याने तोच वापरावा, त्यात साटा पोर्ट असतात आणि यूएसबीची निम्मी कटकट मुळातच नसते.

नक्की कोण गेलं होतं?

रीस्टार्टच्या बटणाला हात लावण्याआधी हे शोधा, कारण रीस्टार्ट केल्यावर अर्धा पुरावा जातो. तीन शक्यता असतात: अख्खं मशीन बंद पडून परत चालू झालं, मशीन चालू होतं पण डिस्क गेली, किंवा दोन्ही ठीक होते आणि नेटवर्क गेलं.

मशीन किती वेळ सलग चालू आहे ते ओपनमीडियाव्हॉल्टच्या डॅशबोर्डवर ‘अपटाइम’ म्हणून दिसतं. तुम्ही आठवडाभर हात लावला नाही आणि अपटाइम सहा तासांचा आहे, तर रात्री मशीनच पडलं होतं. अपटाइम आठवड्याचा आहे आणि डिस्क नाही, तर फक्त डिस्क गेली.

दुसरा साक्षीदार डिस्कच्या आतच असतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. स्मार्टच्या तक्त्यात १२ नंबरला ‘पॉवर सायकल काउंट’ असतो, म्हणजे डिस्क किती वेळा बंद-चालू झाली. १९२ नंबरला ‘पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट’, म्हणजे नीट न सांगता वीज गेल्यामुळे डिस्कला किती वेळा घाईघाईने हेड आवरावं लागलं. हे दोन आकडे आज कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी डिस्क गायब झाली की परत बघा. दोन्ही वाढले असतील तर डिस्कची वीज तुटली, इतकं सरळ आहे. डिस्क गायब झाली पण १२ नंबर जागचा हलला नाही, तर वीज होती आणि डेटाची वायर किंवा यूएसबीची चिप रुसली. सगळ्याच कंपन्यांच्या डिस्कवर १९२ दिसेल असं नाही, १२ मात्र जवळपास सगळीकडे असतो. यूएसबी केसमधल्या काही चिप स्मार्ट वाचूच देत नाहीत. तिथे लॉगवरच, म्हणजे लिनक्सने लिहून ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदीवरच, भागवावं लागतं.

वीज

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण इतकं साधं आहे की सांगताना लोक हसतात. पाय लावलेला असतो इन्व्हर्टरच्या प्लगवर, कारण राउटर तिथेच असतो. मोठ्या ३.५ इंची डिस्कचा १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर मात्र एक्स्टेंशन बोर्डात, आणि तो बोर्ड साध्या लाइनवर. वीज गेली की पाय जिवंत, राउटर जिवंत, डिस्क मेली. दहा मिनिटांनी वीज येते, डिस्क फिरायला लागते, पण लिनक्सच्या लेखी ती आता दुसरीच डिस्क असते. आधी एसडीए होती, आता एसडीबी म्हणून येते. जुना माउंट लोंबकळत राहतो. तपासायचं तर दिवसा घरातला मेन स्विच पाडा आणि डिस्कचा दिवा बघा. विझला की कारण सापडलं. डिस्क, पाय आणि राउटर तिन्ही एकाच बॅकअपच्या प्लगवर हवेत.

डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटा स्विच असतो, ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा. काही मॉडेलवर नॉर्मलच्या जागी ‘इको’ लिहिलेलं असतं. हा बहुतेक घरांत नॉर्मलवर असतो, कारण पंखे-दिव्यांना काही फरक पडत नाही. कॉम्प्युटरला पडतो. नॉर्मलवर लाइनवरून बॅटरीवर जायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. यूपीएस मोडमध्ये तेच १०-१५ मिलिसेकंदांत होतं. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद वीज नसताना तग धरेल अशा हिशेबाने बनवलेला असतो. लोड कमी असला तर जास्त वेळ धरतो, पण दहा वर्षं चाललेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले असतात, त्यामुळे त्या जास्तीवर विसंबू नका.

नॉर्मल मोडची दुसरी गोम व्होल्टेजची. लाइनचं व्होल्टेज १००-११० पर्यंत घसरलं तरी तो मोड तेच पुढे ढकलत राहतो. यूपीएस मोडमध्ये साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. आता हे आपल्या शहराला का लागू पडतं ते बघा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि येतं त्या तासा-दोन तासांत गल्लीत घरोघरी मोटारी लागतात. इंडक्शन मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते. दहा मोटारी मागे-पुढे सुरू झाल्या की शेवटच्या खांबावरच्या घरात दिवे मंद होतात. जुना, कमी व्होल्टेज न झेपणारा एसएमपीएस तेवढ्यात रीसेट होतो. घरातल्या माणसाला कळतही नाही, कारण वीज ‘गेली’ नाही.

म्हणून बिघाडाच्या तारखा लिहा आणि त्यांच्या शेजारी पाणी कधी आलं ते लिहा. जुळे सोलापुरातला असाच एक डेस्कटॉप ‘व्हायरस आहे’ म्हणून दोनदा फॉरमॅट झाला होता. त्याच्या बंद पडण्याच्या तारखा आणि पाण्याचे दिवस शेजारी-शेजारी मांडल्यावर पुढे काही सांगायची गरजच उरली नाही. इन्व्हर्टरचा स्विच यूपीएसवर टाकला, एवढंच. यात बॅटरी थोडी जास्त वापरली जाते, ते मान्य करायचं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल आणि एसएमपीएस अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (लाइनमधून वीज सुरळीत ओढणारी रचना असलेला), तर ती जोडी कधीकधी जमत नाही. तिथे साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा कॉम्प्युटरसाठी छोटा वेगळा यूपीएस बरा.

यूपीएस घ्यायचाच असेल तर मागे यूएसबी पोर्ट आहे का ते बघून घ्या. त्या पोर्टवरून यूपीएस मशीनला सांगतो की वीज गेली, बॅटरी संपत आली, आणि मशीन स्वतः नीट बंद होतं. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये त्यासाठी ‘नट’ नावाचा प्लगइन आहे. आपल्याकडचे घरगुती इन्व्हर्टर सहसा असं काही सांगत नाहीत. बॅटरी संपली की गप्प बसतात.

जुन्या डेस्कटॉपचं आणखी एक दुखणं आहे, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. तो संपलेला असतो आणि कोणाच्या लक्षात नसतं, कारण मशीन चोवीस तास लाइनवर असतं. एकदा लाइन पूर्ण तुटली की बायोसचं सेटिंग पुसतं. ‘वीज आल्यावर आपोआप चालू हो’ हे तुम्ही लावलेलं सेटिंग जातं, तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाते. मग एकतर मशीन चालूच होत नाही, किंवा चुकीच्या तारखेने चालू होऊन रात्रीचं वेळापत्रक विस्कटतं. सेल बदला, सेटिंग परत लावा. पाय ४ वर तर घड्याळाचा सेल नसतोच, तो वेळ इंटरनेटवरून घेतो. त्यामुळे राउटर उशिरा उठला की पायचं घड्याळ तेवढा वेळ मागे असतं. बॅकअपची वेळ वीज परत येण्याच्या नेहमीच्या वेळेला चिकटून ठेवू नका.

यूएसबीची भूक

पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर १.६, आणि साधा ३ अँपिअरचा लावला तर फक्त ०.६. एक २.५ इंची पोर्टेबल डिस्क फिरायला सुरुवात करताना एक अँपिअरच्या घरात जाऊ शकते. म्हणजे अशा दोन डिस्क थेट पायला लावल्या की दोघीही दिवसा चालतील, आणि रात्री दोघी एकदम जाग्या झाल्या की एक पडेल. त्यात पायला मोबाइलचा चार्जर आणि लांब, बारीक वायर असली की विषय संपला. पायचं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो लॉगमध्ये ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ असं लिहून ठेवतो. ही ओळ एकदा जरी दिसली तरी पुढचं सगळं थांबवून आधी अडॅप्टर बदला. दोन डिस्क असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लागतोच. यात काटकसर करू नका.

वीज भरपूर आहे आणि तरीही डिस्क जाते, तेव्हा लॉगमध्ये ‘यूएएस’ हे अक्षर शोधा. यूएएस म्हणजे यूएसबी ३ वर डिस्कशी जलद बोलण्याची पद्धत. स्वस्त केसमधल्या काही चिपना ती नीट जमत नाही. खूप वेळ मोठी फाइल लिहिताना त्या अडकतात, लिनक्स त्यांना रीसेट करतं, आणि लॉगमध्ये ‘यूएएस अबॉर्ट’ आणि मग ‘रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’ अशा ओळींची रांग लागते. उपाय असा की त्या चिपपुरती यूएएस बंद करायची. ‘एलएसयूएसबी’ आज्ञा दिली की केसचा आयडी दिसतो, कोलनने जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन भाग. पायच्या बूट विभागातल्या ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्समध्ये (अपवादांच्या यादीत) तो आयडी, पुढे कोलन आणि यू, एवढं घालायचं. ती अख्खी फाइल एकाच ओळीत असते. मध्ये एंटर मारला तर पाय उठणारच नाही. वेग थोडा कमी होतो. होऊ दे, रात्रभरात फाइल गेल्याशी मतलब.

डेस्कटॉपवाल्यांनी स्मार्टमधला १९९ नंबर बघा. तो वाढत असेल तर डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये डेटा खराब होतोय, म्हणजे साटा वायर सैल किंवा जुनी. हा आकडा कधीच परत शून्य होत नाही, त्यामुळे तो किती आहे याला अर्थ नाही, वायर बदलल्यावर वाढतोय का याला आहे. जाता जाता: मोलेक्सवरून साटाला वीज देणारे जे एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले स्वस्त कनेक्टर मिळतात, ते आत शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणं आहेत. घरात कोणी नसताना चोवीस तास चालणाऱ्या मशीनमध्ये ते नकोत.

उन्हाळ्याचंही इथेच सांगून टाकतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूर ४२-४३ अंशांवर असतं. टीव्हीखालच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी ठेवलेली डिस्क याहून १०-१५ अंश वर सहज जाते, आणि बहुतेक डिस्कची वरची मर्यादा ६० अंश असते. कपाटातून बाहेर काढा, जमिनीलगत ठेवा, बॅकअप पहाटे ४ ला लावा. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या तर पिन काढा, आणि छतावरून आलेली इंटरनेटची वायरसुद्धा.

बॅकअप गेला कुठे?

डिस्क गायब होणं हा खरं तर छोटा प्रश्न आहे. ती गायब असताना बॅकअपने काय केलं, हा मोठा.

लिनक्समध्ये डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर माउंट होते. डिस्क आली नाही तरी तो फोल्डर असतोच. रात्रीच्या आरसिंकला (फाइलींची नक्कल काढणारा प्रोग्राम) फोल्डर दिसतो, तो बिनधास्त त्यात लिहीत सुटतो. म्हणजे तुमचे फोटो डिस्कवर न जाता पायच्या ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर जातात. कार्ड भरतं, मशीन अडखळतं, तुम्ही रीस्टार्ट करता, डिस्क माउंट होते, आणि खाली लिहिलेलं सगळं झाकलं जातं. गादीवर चादर अंथरली की गादी दिसत नाही तसं. मग ‘कार्ड ९८ टक्के भरलंय पण त्यावर तर काहीच नाही’ असा चमत्कार दिसतो. डिस्क अनमाउंट करून त्याच फोल्डरमध्ये बघा, हरवलेला बॅकअप तिथे पडलेला सापडेल. आधी तो सुरक्षित जागी हलवा, मग कार्ड मोकळं करा.

याहून वाईट प्रकार दोन डिस्कच्या सेटअपमध्ये होतो. पहिल्या डिस्कवर मूळ डेटा, दुसरीवर रोज रात्री आरसिंकची नक्कल, आणि आरसिंकला ‘डिलीट’ हा पर्याय लावलेला, म्हणजे मुळात जे नाही ते नकलेतूनही काढायचं. आता एका रात्री पहिली डिस्क माउंटच झाली नाही. मूळ फोल्डर रिकामा. आरसिंकने आज्ञाधारकपणे दुसरी डिस्कही रिकामी केली. दोन्ही डिस्क ठणठणीत, त्यातल्या एकीवर काही नाही, आणि तीच तुमची बॅकअपची. त्याच आठवड्यात पहिली गेली तर?

याला तोडगे आहेत आणि फुकट आहेत. पहिला: दोन्ही डिस्कवर, त्या माउंट असताना, ‘मी इथे आहे’ अशा नावाची एक छोटी फाइल ठेवा. बॅकअपच्या स्क्रिप्टची पहिली ओळ अशी असावी की दोन्हीकडे ही फाइल दिसली तरच पुढे जा, नाहीतर थांब आणि ईमेल पाठव. डिस्क नसेल तर फाइल नसेल, विषय तिथेच संपतो. दुसरा: आरसिंकला ‘मॅक्स-डिलीट’ देऊन एका रात्रीत किती फाइल पुसायची मुभा आहे ते बांधून टाका. तिसरा, हाताने एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्याची यादी) लिहिणाऱ्यांसाठी: डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर’ (chattr) आज्ञेने न बदलणारा करून ठेवा. मग डिस्क नसताना त्यात रूटलाही (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) लिहिता येत नाही, आणि डिस्क त्यावर नेहमीसारखी माउंट होते. एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव एसडीए वगैरे न लिहिता यूयूआयडी (तिचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा, आणि ‘नोफेल’ घाला, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन निदान उठेल आणि तुम्हाला ईमेल पाठवू शकेल.

पोर्टेबल डिस्क कारखान्यातून सहसा एक्सफॅट किंवा एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट होऊन येते. एक्सफॅटमध्ये जर्नल (काय बदलतोय त्याची आधी केलेली नोंद) नसतो, लिहिता लिहिता वीज गेली तर फोल्डरच्या फोल्डर हरवू शकतात. कायम लिनक्सलाच लावायची असेल तर ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची पद्धत) करा. त्यात डिस्क पूर्ण पुसली जाते, त्यामुळे आधी डेटा बाजूला काढा.

विंडोजला दिसत नाही

कधी डिस्क, मशीन सगळं शाबूत असतं आणि विंडोजच हट्टाला पेटतं. वीज जाऊन आल्यावर राउटरने मशीनला नवा आयपी दिला असेल तर जुना शॉर्टकट मेला. राउटरमध्ये त्या मशीनसाठी आयपी राखून ठेवा. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीनंतर अचानक बंद झालं असेल तर कारण बहुधा पासवर्डशिवायचा ‘गेस्ट’ शेअर आहे. त्या आवृत्तीपासून विंडोज प्रो सही केलेलंच (डिजिटल खूण असलेलं) कनेक्शन मागतं, आणि गेस्टला सही करता येत नाही. विंडोजची सुरक्षा कमी करण्याचे उपाय सांगणारे भरपूर भेटतील. त्यापेक्षा साम्बावर खरा युजर आणि पासवर्ड करा, पाच मिनिटांचं काम आहे.

खरंच डिस्कच असेल तर

स्मार्टमध्ये ५, १९७ आणि १९८ हे नंबर बघा. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर. तो शून्याच्या वर जाऊन वाढत राहिला तर डिस्कला निरोप द्यायची तयारी करा. आधी डेटा काढा, मग स्मार्टची लांबलचक टेस्ट लावा. उलटं करू नका, कारण टेस्टचा ताण आजारी डिस्कला झेपेलच असं नाही.

डिस्क गायब होत नाही पण मोठा बॅकअप सुरुवातीला पळतो आणि मग मुंगीच्या वेगाने सरकतो, तर ती एसएमआर डिस्क असण्याची शक्यता मोठी. त्यात ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे आधी पटकन लिहून घ्यायला राखलेली आतली जागा संपली की प्रत्येक बदलासाठी शेजारचंही परत लिहावं लागतं. बहुतेक २.५ इंची पोर्टेबल डिस्क याच जातीच्या असतात. रात्रीच्या एका बॅकअपला त्या चालतात, रेडला (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं) नाही. नवी घेताना मॉडेल नंबरवरून सीएमआर (ट्रॅक सुटे ठेवणारी) की एसएमआर ते कंपनीच्या पानावर बघून घ्या; २०२० मध्ये नॅससाठी (असाच नेटवर्कवरचा डिस्कचा सर्व्हर) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर निघाल्या होत्या आणि त्यावरून बराच गदारोळ झाला होता.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, त्याच्या जॅकार्डच्या डिझाइन फाइल असोत, की लग्नाचे आणि गड्ड्याच्या यात्रेचे फोटो काढणारा स्टुडिओ, अशा धंद्याच्या डेटाला एकच नॅस पुरत नाही. विंडोजला कायम जोडलेला ड्राइव्ह रॅन्समवेअरलाही (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) दिसतो. महिन्यातून एकदा तिसऱ्या डिस्कवर नक्कल काढून ती वायर काढून दुसऱ्या घरात ठेवा. टॅलीसाठी टॅलीचाच बॅकअप पर्याय वापरून ती फाइल नॅसवर पाठवा. चालू असलेल्या टॅलीचं डेटा फोल्डर तसंच उचललं तर परत उघडेलच याची खात्री नाही.

एवढं करूनही डिस्क जात असेल आणि कोणाला विचारायचं असेल, तर ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. डिस्क गेली त्या वेळेच्या आसपासचा लॉग, स्मार्टचे १२, १९२, १९७ आणि १९९ हे आकडे आधीचे व नंतरचे, अपटाइम, कोणता अडॅप्टर किती अँपिअरचा, कोणती पिन कुठल्या बोर्डात, आणि त्या रात्री पाणी आलं होतं का, हे लिहून द्या.